चार नंबरची गोधडी

बापू सरमंडल हॉकी सोडणार, ही बातमी रजनीला भाजीवाल्यानं दिली. या फायनलनंतर बापू भिया घरी बैठेंगे, असं म्हणून त्यानं पालकाची जुडी तिच्या हातात ठेवली आणि गाडी पुढे ढकलली. रजनीनं तो पालक न निवडता, न धुता, होता तसा फ्रीजमध्ये कोंबला. प्रकाशरावांनी एवढ्या संसारात असलं दृश्य पाहिलं नव्हतं. त्यांनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"गेलं नाही कुणी. जाणार आहे," रजनी म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

उज्जैनच्या माधव नगरातल्या त्या बाल्कनीखाली हॉकीचं मैदान होतं. कुणाच्या बाल्कनीतून नदी दिसते, कुणाच्या देवळाचा कळस. रजनीच्या बाल्कनीतून पेनल्टी कॉर्नर दिसायचा. पापड वाळत घालता घालता ती हॉकी शिकली होती. हॉकीतला ऑफसाइड कधीच बंद झाला, हे तिनं एकदा जेवताना प्रकाशरावांना सांगितलं, तेव्हा तो कधी चालू होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आता बापू सरमंडल करायचा काय, हे सांगायला हवं, कारण तो जे करायचा ते सहसा कुणी सांगत नाही. फ्रीगंज इलेव्हनमध्ये तो मागच्या फळीत खेळे. गोल वगैरे तो करत नसे. आयुष्यात एक केला होता, तोही उन्हानं डोळे दिपल्यामुळे, आणि त्याबद्दल त्याला अजून संकोच वाटे. पण समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, म्हणजे त्यांचा सगळ्यात आडदांड माणूस वर्तुळाच्या टोकाशी उभा राहून गोलावर तोफ डागणार असं ठरलं, की गोलात उभ्या असलेल्या चारपाच जणांपैकी एकानं त्या तोफेच्या तोंडाकडे धावत जायचं असतं. तो एक म्हणजे बापू. जिथून शहाणी माणसं लांब पळतात, तिथे हा वर्षानुवर्षं पळत पोचायचा, आणि पोचला की पुढचं काम बहुधा त्याच्या नडग्या करायच्या.

दोन वर्षांपूर्वी याच संघाचा पराग, गोलामागून गोल करणारा, इंदूरच्या एका क्लबात गेला तेव्हा टॉवर चौकात सुतक पाळलं गेलं होतं. पोह्यांच्या गाडीवर लोक जलेबी न घेता परतत होते. बापूच्या बातमीला मात्र पहिल्या दिवशी सगळे नुसतंच "अच्छा?" म्हणाले आणि पोह्यांवर शेव मागू लागले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, "तो फिर कॉर्नर पे भागेगा कौन?" आणि गाडीभोवतीचे सगळे चमचे एकदम थांबले.

तिथून दुःख जे सुरू झालं ते आवरेना. जो तो बापूची आठवण काढू लागला, आणि मजा अशी की एकाही आठवणीत चेंडू बापूच्या काठीला लागलेला नव्हता. कुणाच्या आठवणीत तो खांद्याला लागला होता, कुणाच्या बरगडीला. पोस्टातून निवृत्त झालेले प्रभाकर जोगळेकर म्हणाले, त्याच्या नडगीवरून हात फिरवा, सगळ्या टुर्नामेंटी हाताला लागतील. एकदा हनुवटीवर चेंडू बसून तो आडवा झाला होता आणि डोळे उघडल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला होता, "अडला ना?" ही गोष्ट त्या आठवड्यात इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितली की ती हळूहळू सांगणाऱ्यांच्या समोरच घडलेली ठरली.

रजनीला हे सगळं ऐकून बरंही वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं कुठे होता, असं तिला विचारायचं होतं. दूध उतू गेलं की सगळं घर धावतं. ते रोज उतू जात नाही याची बातमी होत नाही, पण कुणीतरी गॅसपाशी उभं असतंच ना. हा विचार तिनं प्रकाशरावांना ऐकवला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना ते पाहून आले.

मैदानाच्या कडेला एक लांबलचक ओटला आहे. त्यावर बसून सामने बघणाऱ्यांची बैठक भरली. बापूचा सत्कार करायचा, फायनलनंतर, मैदानावरच, यावर एकमत झालं. एवढं एकमत त्या ओटल्यावर पूर्वी झालेलं नव्हतं. काय द्यायचं यावर मात्र गाडी अडली. शाल म्हणावी तर उज्जैनमध्ये सत्काराची शाल कुणी पांघरत नाही, ती पुढच्याच्या सत्काराला जाते. एकीचा प्रवास तर प्रभाकररावांनी स्वतः पाहिला होता. ती फिरून त्यांच्याच खांद्यावर आली होती. तेव्हा रजनी म्हणाली, आपण त्याला गोधडी शिवू या. ओटल्यावरच्या प्रत्येक घरानं सामन्याला येताना अंगावर घातलेला एखादा जुना कपडा द्यायचा. याच्या गुडघ्यांना आता ऊबच लागणार आहे.

हे बोलून ती घरी पोचेस्तोवर दाराशी दोन पिशव्या येऊन पडल्या होत्या.

प्रभाकररावांनी सफारी सूटची बाही दिली. हीच बाही घालून ते एकदा अंपायरशी भांडायला मैदानात उतरले होते. एका घरातून बाळाचं झबलं आलं, कारण ते बाळ एका जुन्या सेमीफायनलच्या दिवशी झालं होतं. एका गृहस्थांनी आंघोळीचा पंचा पाठवला. ओटल्यावर मी हाच अंथरतो, असा निरोप होता. शेजारच्या विनोदिनीताई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि तेव्हापासून वर्गाच्या शोधात असलेल्या, महेश्वरीचा काठ घेऊन आल्या आणि शिवण संपेपर्यंत गेल्या नाहीत. मिश्राभाभींनी अस्तराला भैरवगढ़च्या छापाची आख्खी चादर दिली. लाल चादर, तिच्यावर हत्तींची रांग. मधला तुकडा बापूच्या जर्सीचा, हे ठरलेलंच होतं, पण त्याला लागून कुणाचा तुकडा यावर दोन घरांचं बोलणं बंद झालं. रजनीनं दोघांना मधल्या तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजू दिल्या, तर झबलेवाले म्हणाले, आम्ही पायाकडे का?

विनोदिनीताईंचं म्हणणं एकच होतं. टाका बारीक घाल आणि दाट घाल. कापड विरलं तरी टाका सुटता कामा नये. रजनीनं तसाच घातला. तो सल्ला पुढे फार महागात पडला, पण सल्ला म्हणून उत्तम होता.

मध्ये टुर्नामेंट कमिटीही होती. कमिटीचे सचिव चौरसियाजी हे नियमावर जगणारे गृहस्थ. सत्कारात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह एवढंच बसतं, असं ते म्हणाले. "ये गोधड़ी किस मद में डालूँ, जोगळेकर साब?" प्रभाकररावांनी आयुष्यभर पोस्टात लोकांना हेच, कुठल्या खात्यात टाकू, विचारलं होतं, त्यामुळे त्यांना उत्तर माहीत होतं. बऱ्याच चर्चेनंतर कार्यक्रमपत्रिकेवर 'शॉल (मोटी)' असं छापून आलं.

मधल्या तुकड्यासाठी रजनीनं बापूच्या बायकोला, मुक्ताला, गुपचूप फोन केला होता. बापूची एखादी जुनी जर्सी दे, चार नंबरची. मुक्ता नोकरीवर निघायच्या गडबडीत होती. तिनं जाता जाता एक थैली रजनीच्या हातात दिली आणि म्हणाली, काकू, यात दोन आहेत, निवडत बसायला वेळ नाही, जुनी ठेवून घ्या आणि दुसरी सवडीनं परत करा, यांना सांगू नका.

थैलीत दोन मरून जर्स्या निघाल्या. एक चकचकीत, कॉलर ताठ. दुसरीचा रंग उडून विटकरी झालेला, कोपराशी रफू, पोटावर कसलेसे हिरवट डाग. कुठली जुनी हे विचारायला रजनी काही बाळ नव्हती. तिनं विटकरी जर्सी पसरली, तिच्यावरून एकदा हात फिरवला, आणि पाठीवरचा चार आकडा चौकोनी कापून घेतला. उरलेल्या कापडाच्या पट्ट्या करून चारी कडांना लावल्या. गोधडी अशी देखणी झाली की मिश्राभाभींनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

फायनलच्या दिवशी सकाळी मुक्ताचा फोन आला. सामना दुपारी तीनला होता. ती दुसरी जर्सी पाठवता का, म्हणाली, ह्यांना बॅग भरायचीय.

रजनीनं चकचकीत जर्सी इस्त्री करून पाठवली. पाच मिनिटांत पुन्हा फोन वाजला. या वेळी मुक्ताचा आवाज लहान झाला होता.

"काकू, ही सात वर्षांपूर्वीची आहे. त्या साली ह्यांचा गुडघा मोडला होता. एकदाही घातली नाही, म्हणून तशी राहिली. हल्लीची ती, तुमच्याकडची."

रजनी खुर्चीवर बसली. एवढी वर्षं ती या माणसाला पाहत आली होती, आणि त्याच्या जर्सीचा रंग तिला माहीत नव्हता. माहीत असणार कसा? सामना सुरू झाला की पाच मिनिटांत बापू जमिनीवर आडवा होऊन चेंडू अडवायचा, आणि तिथून पुढे त्याचा रंग मैदानाचाच असायचा. पण हा युक्तिवाद कुणाला सांगणार? बापूची सगळ्यात जुनी चाहती म्हणवणाऱ्या बाईनं बापूच्या शेवटच्या सामन्याची जर्सी कातरीनं कापली होती. सात वर्षांपूर्वीच्या जर्सीवर पट्टे होते आणि आकडा पिवळा; हल्लीची साधी मरून, पांढऱ्या आकड्याची. ती जुनी कमिटी चालवून घेणार नव्हती, आणि संघासारखी जर्सी नाही तर मैदानात पाऊल नाही, हा नियम चौरसियाजींनी स्वतः लिहिला होता. बापू बाहेर बसला असता. शेवटचा सामना, आणि ओटल्यावर.

"अगं, चिकटवून टाक," प्रकाशराव म्हणाले. संसारातल्या बहुतेक अडचणींवर त्यांचा हाच उपाय असे. रजनी खुर्चीवरून उठली. तिनं पर्स घेतली आणि प्रभाकररावांच्या स्कूटरवर मागे बसून टॉवर चौक गाठला. तिथला टी-शर्ट छापणारा भला माणूस होता. बापू भियांसाठी आपण काहीही करू, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. फक्त एक अडचण होती, "सिंगल पीस नहीं होता, दीदी. मिनिमम ग्यारह." अकरा बापू कुठून आणणार? एक आहे तोच जातोय, असं रजनी म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला की त्यानं दुकानातून कोरे मरून शर्ट शोधायला घेतले. मरून संपले होते. राणी रंग होता.

घरी येईपर्यंत प्रकाशरावांनी कपाट उपसून ठेवलं होतं आणि तळातून स्वतःचा मरून टी-शर्ट काढला होता. बँकेच्या क्रीडा दिनाचा. त्या दिवशी प्रकाशरावांनी लिंबू-चमच्यात भाग घेतला होता आणि शर्ट ढगळ मागवला होता, कारण वाढ होईल अशी त्यांना खात्री होती. झालीही होती. त्या शर्टात दोन बापू मावले असते. प्रभाकररावांनी त्याच्या पाठीवर औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या चिकटपट्टीनं चार आकडा केला आणि दुपारी एकला तो चौरसियाजींच्या टेबलावर ठेवला. चौरसियाजींनी एका नखानं टोक उचललं. चाराचा एक पाय त्यांच्या बोटाला चिकटून वर आला. संघातल्या इतरांसारखा छापील आकडा हवा, असं ते म्हणाले, वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले.

तसा छापील चार उज्जैनमध्ये एकच होता, आणि तो गोधडीच्या मधोमध बारीक, दाट टाक्यात बंद होता.

गोधडी मैदानावर आली. ओटल्यावर पसरली. रजनीनं कुणाला काही समजावलं नाही. ती बसली आणि उसवू लागली. तिच्या शेजारी विनोदिनीताई बसल्या. आपणच सांगितलेला टाका आपल्याच नखांनी काढताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. मग मिश्राभाभी, मग झबलेवाले, मग त्यांच्याशी न बोलणारे, मग पंचावाले. सफारीची बाही देणारे प्रभाकरराव दातांनी धागा तोडत होते. थोड्या वेळानं त्या ओटल्यावर बाया आणि बाप्ये अशी एकमेकांत गुंतून माना घालून बसली होती की देवासहून आलेला पाहुणा संघ मैदानात उतरता उतरता थबकला. हे लोक कसली पूजा करतायत, असं त्यांच्या एका खेळाडूनं विचारलं म्हणतात.

बापूला आता सांगणं भाग होतं. तो खाली बसून नडगीला पट्टी बांधत होता. रजनी समोर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं; कातरी, पट्ट्या, सगळं. तो ऐकत राहिला. मग ओटल्याकडे बघत राहिला. तिथे साठीपुढची माणसं त्याच्या आकड्याभोवती चष्मे सरकवत बसली होती.

"माझ्यासाठी?" त्यानं विचारलं. आणि मग पट्टीची गाठ मारत, "काकू, त्यांना म्हणावं घाई करू नका. सुई लागेल कुणाला."

चौकोन निघाला, पण अस्तराला इतका घट्ट बसला होता की हत्ती बरोबरच घेऊन आला. सोडवायला वेळ नव्हता. तो तसाच, पुढून चार आणि मागून हत्ती, प्रकाशरावांच्या शर्टावर शिवला गेला. चौरसियाजींनी आकडा तपासला, नखानं ओढून पाहिला. विनोदिनीताईंचा टाका होता, हलला नाही. खालून दोन सोंडा डोकावत होत्या. त्यांच्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, असं चौरसियाजींनी बराच वेळ विचार करून जाहीर केलं.

बापू मैदानात उतरला तेव्हा तो शर्ट वाऱ्यानं फुगला आणि तो आहे त्याच्या दुप्पट दिसू लागला. पाच मिनिटांत तो मातीत होता. मग रजनीचा श्वास जागेवर आला.

सामन्याचं वर्णन करत नाही. फ्रीगंज इलेव्हननं एक गोल केला आणि उरलेला वेळ तो जपला. शिट्टी होण्याच्या जरा आधी देवासला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बापू गोलरेषेवर वाकला. चेंडू आत आला, थांबला, तो आडदांड खेळाडू झुकला, आणि बापू निघाला. त्याचे गुडघे आता किती कुरकुरतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. धावताना त्यानं ते त्यांना कळू दिलं नाही. आवाज झाला. आणि मग चेंडू दिसेना.

तो गोलात नव्हता. बाहेर नव्हता. गोलरक्षक स्वतःभोवती फिरत होता. अंपायर शिट्टी तोंडात धरून तसाच उभा. बापू वाकून पोट धरून होता, सगळ्यांना वाटलं लागलं. पण तो सरळ झाला आणि त्यानं शर्टाचा ढगळ घोळ उलगडून दाखवला. प्रकाशरावांच्या पोटासाठी राखून ठेवलेल्या जागेत चेंडू बसला होता.

चेंडू कपड्यात अडकला की खेळ थांबतो आणि 'बुली'नं पुन्हा सुरू होतो. म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून काठ्या जमिनीला टेकायच्या, एकमेकींवर वाजवायच्या आणि मग मधला चेंडू ज्याला मिळेल त्याचा. हल्लीच्या मुलांना हे कधीतरीच करावं लागतं. देवासचा तरुण खेळाडू अंपायरला विचारत होता, नेमकं किती वेळा वाजवायचं. बापू मात्र दर रविवारी सकाळी ओटल्यावरच्या पेन्शनरांबरोबर खेळायचा, आणि ते पेन्शनर बुलीशिवाय खेळ सुरू झाला असं मानतच नसत. प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले. काठ्या वाजल्या. डोळे उघडले तेव्हा चेंडू पार दुसऱ्या टोकाला चालला होता आणि बापू त्याच्या मागे न जाता, सवयीनं, स्वतःच्या गोलाकडे परत येत होता.

शिट्टी झाली. पोरांनी गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतलं, ते रीतीप्रमाणेच झालं. पण ओटला मात्र आख्खा उठला, मैदानात उतरला आणि त्या गर्दीला वळसा घालून बापूकडे गेला.

सत्काराला गोधडी आणली तेव्हा तिच्या मधोमध चौकोनी भोक होतं. रजनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, आठवड्यात नीट करून देते, आज नुसती हातात घ्या. माइकवर चौरसियाजी 'शॉल (मोटी)' असं वाचून दाखवत होते. बापूनं गोधडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. सफारीची बाही ओळखली, महेश्वरी काठ ओळखला, झबल्यावर बोट ठेवून विचारलं, हा आता शाळेत जातो ना? मग कुणी काही म्हणायच्या आत त्यानं त्या भोकातून डोकं बाहेर काढलं.

ती त्याला बरोबर बसली. पुढे गुडघ्यापर्यंत, मागे पोटरीपर्यंत. झबलं पायाकडेच आलं, पण आता त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. टाळ्या काही थांबेनात. माइक बापूकडे दिला गेला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, सगळ्या ओटल्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि एवढ्या लोकांसमोर काही सुचेना म्हणून ओळखीच्या चेहऱ्याकडे वळला.

"काकू, याला खिसे लावता येतील?"

रजनीनं विचारलं, "कशाला रे? काय ठेवणार?"

बापूनं माइक परत दिला. मोकळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

"हेच," तो म्हणाला. "उद्यापासून कुठे ठेवायचे, कळत नाहीये."

रजनीनं तिथेच, उभ्या उभ्या, पदराच्या टोकानं त्याच्या हाताचं माप घेतलं.